मर्यादित खर्चात कोणता टीव्ही घ्यावा?

प्रश्न : बैठकीच्या खोलीसाठी पंचवीस हजारांच्या आत टीव्ही घ्यायचा आहे. ओळखीच्या कंपनीचा ४३ इंची फुल एचडी की तेवढ्याच किमतीत अनोळखी कंपनीचा ५० इंची फोर-के, हे ठरत नाही. पाहणारे बरेच असल्याने काहींना कडेला बसावे लागते.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आठ-नऊ फुटांवरून पाहताना ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि त्याच्या चौपट चित्रबिंदू असलेला फोर-के यांतील फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो, शिवाय केबलवरील बहुतेक वाहिन्या फोर-केमध्ये येतच नाहीत. त्यामुळे पॅनेलचा, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याचा, प्रकार व्हीए आहे की आयपीएस, हे आधी विचारावे. व्हीए पॅनेलवर समोरून काळा रंग अधिक गडद उमटतो, परंतु कडेने पाहणाऱ्याला चित्र फिके दिसते. आयपीएस पॅनेलमध्ये हा दोष बराच कमी असतो, म्हणून आपल्या घरासाठी मी तेच सुचवीन. दुकानात बाजूला उभे राहून खात्री अवश्य करून घ्यावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. पॅनेल बिघडल्यास ते बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जातो, तेव्हा कंपनीचा तंत्रज्ञ जळगाव किंवा धुळ्याहून अमळनेरला घरी येतो का आणि पॅनेलची हमी किती वर्षांची आहे, हे लेखी घ्यावे. ते मिळत नसेल तर मोठ्या पडद्याचा मोह निश्चित टाळावा. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे. बिलावर तोच दर लागल्याचे पाहावे.