वाचक विचारतात : तेवीस माणसं, एक घर

प्रश्न : आम्ही चार भावंडं चार दिशांना. मुलं, सुना, नातवंडं धरून २३ जण. बऱ्याच वर्षांनी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्यात, म्हणून तीन रात्रींसाठी एक मोठा बंगला भाड्याने घ्यायचं ठरतंय. फोटो फार सुंदर आहेत. ‘२४ जणांची सोय’ असंही लिहिलंय. आई ७८ वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात. आगाऊ रक्कम भरण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

उत्तर : फोटो बाजूला ठेवा आणि आईपासून सुरुवात करा. हे मी माझ्या चुकीवरून सांगते आहे.

आमच्या पहिल्या मेळाव्याचं घर मीच निवडलं होतं. आम्ही १९ जण होतो आणि सगळे जमलो होतो ते माझ्या आत्यासाठी. ती तेव्हा ८१ वर्षांची होती. घर देखणं होतं, पण गेटपासून दारापर्यंत नऊ पायऱ्या होत्या आणि त्यांना कठडा नव्हता. बैठकीची खोली आणि जेवणाची जागा, दोन्ही वरच्या मजल्यावर. पहिल्या संध्याकाळी आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी मोजत वर आली. खाली उतरताना तिचा हात थरथरत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “तुम्ही बसा वर. मी इथे बरी आहे.”

दुपारी मी तिच्या खोलीत डोकावले तर ती पलंगाच्या कडेला बसून छताकडे बघत होती. वर हसण्याचा गलका चालू होता. मला म्हणाली, “आत्ता जो हसला, तो धाकटा ना गं? त्याच्या बापासारखाच हसतो.” जिच्यासाठी जमलो ती खाली आणि मेळावा वर, असा तो प्रकार होता. ते वाक्य मला आजही टोचतं.

त्या संध्याकाळी भावाने आणि पोरांनी सगळ्या खुर्च्या खाली व्हरांड्यात आणल्या. जागा जेमतेम आठ जणांची, त्यात आम्ही एकोणीस. मुलं पायऱ्यांवर, मोठी माणसं दाटीवाटीने. निघेपर्यंत मग तीच आमची बैठक झाली. कुणीतरी जुना फोटो आणला होता, त्यात ११ जण होते. आत्याने नऊ जणांची नावं सांगितली. फोटोच्या मागे मी मऊ पेन्सिलने ती लिहून ठेवली. उरलेल्या दोघांना ओळखणारं कुणी आता नाही.

म्हणून बंगल्याच्या मालकाकडून किंवा केअरटेकरकडून एक व्हिडिओ मागवा. गाडी उभी राहते तिथून चालायला लागून मुख्य दार, तिथून खालच्या मजल्यावरची झोपायची खोली, तिथून संडास-बाथरूम आणि शेवटी जेवणाची जागा. मध्ये न थांबता, एका दमात काढलेला. फोटो बहुतेक वेळा रुंद कोनाच्या लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे खोल्या आहेत त्यापेक्षा मोठ्या दिसतात आणि पायरी तर फोटोत कधी येतच नाही. व्हिडिओ बघताना आईच्या पायांनी बघा. उंबरा केवढा आहे, कमोडशेजारी धरायला काही आहे का, बाथरूमची फरशी गुळगुळीत आहे का, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण हाताला लागेल का. आईचा पलंग, तिचं बाथरूम आणि सगळे बसतात ती जागा एकाच मजल्यावर नसेल, तर ते घर सोडून द्या. बाकी कितीही आवडलं असलं तरी.

दुसरी गोष्ट बाथरूमची. ‘२४ जणांची सोय’ या आकड्यात बऱ्याचदा सोफा-कम-बेड आणि जमिनीवर घालायच्या जादा गाद्याही मोजलेल्या असतात. पाठ टेकायला जागा मिळते, पण सकाळी काय? तेवीस माणसं, तीन बाथरूम आणि प्रत्येकाला १५ मिनिटं धरली, तर शेवटच्या माणसाची आंघोळ होईपर्यंत सुमारे दोन तास जातात. गरम पाण्याचंही तसंच. २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण अर्धा तास घेतो आणि त्यात दोन-तीन जणांच्या आंघोळी होतात. तेव्हा पलंग किती हे विचारण्याआधी बाथरूम किती, गिझर किती लिटरचे आणि वीज गेली तर पर्याय काय, हे विचारा. काही जणांनी रात्रीच आंघोळ उरकायची असं आधी ठरलं तर सकाळचा निम्मा ताण जातो. गिझर गॅसचा असेल तर तो बाथरूमच्या आत बसवलेला नाही ना आणि हवा खेळती आहे ना, याची खात्री करून घ्या. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. याबाबत कुणाचीही भीड बाळगू नका.

आणि तीन दिवसांचं तासातासाचं वेळापत्रक करू नका. दिवसातून एक जेवण सगळ्यांनी मिळून, एवढं बंधन पुरे. ज्याला झोपायचं तो झोपेल, ज्याला फिरायचं तो फिरेल.

प्रश्न : गेल्या मेळाव्याचा खर्च आम्ही घरटी समान वाटला. माझ्या चुलतभावाचं लग्न झालेलं नाही, तो एकटाच असतो. त्याने पाच जणांच्या घराइतकेच पैसे दिले आणि झोपला मात्र हॉलमधल्या सोफ्यावर. तेव्हा काही बोलला नाही. यंदा ‘जमणार नाही’ एवढंच कळवलंय. त्याला राग आला असेल का?

उत्तर : राग आला असेल असं मला वाटत नाही. वाईट वाटलं असेल, आणि ते जास्त काळ टिकतं.

आकडे मांडून बघा. समजा चार घरं आहेत, पाच, चार, तीन आणि एक माणसांची. घरटी वाटणीत एकटा माणूस सगळ्या खर्चाचा चौथा हिस्सा देतो. माणशी वाटली तर त्याच्याकडे तेरावा हिस्सा येतो. फरक एवढा मोठा आहे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही, कारण हिशेब करणारे बहुतेक वेळा संसारवाले असतात. मी दोन भाग करते. घराचं भाडं खोलीप्रमाणे आणि रात्रींप्रमाणे : ज्याला बंद दाराची खोली त्याचा हिस्सा जास्त, हॉलमध्ये झोपणाऱ्याचा कमी. जेवणखाण माणशी आणि दिवसांप्रमाणे, अगदी लहान मुलं सोडून. एक रात्र राहणाऱ्याने तीन रात्रींचे पैसे का द्यावेत?

हे सगळं बुकिंगच्या आधी, सगळ्यांसमोर ठरलेलं असावं. अनामत कुणाच्या नावावर, काही फुटलं तर ती कापली जाईल तेव्हा भरपाई कुणाची, आणि कुठल्या तारखेनंतर ‘येत नाही’ म्हटलं तरी हिस्सा द्यावा लागेल, हेही. ही तारीख घरमालकाच्या रद्द करण्याच्या नियमावरून ठरवा, मनाने नको. पैशांचं आधी बोलायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मलाही वाटायचा. पण नंतर बोलताना तो दहापट होतो.

आणि भावाला मेसेज नका पाठवू, फोन करा. “गेल्या वेळी आमची वाटणी चुकली, तुझ्यावर जास्त भार पडला” एवढं स्पष्ट म्हणा. फरक परत करा, तो नको म्हणाला तरी करा. यंदा त्याला खोली द्या. एकट्या माणसाला ‘तुझं काय, कुठेही चालेल’ असं आपण फार सहज म्हणतो.

प्रश्न : घराला स्विमिंग पूल आहे. आमच्यात पाच वर्षांखालची तीन मुलं आहेत. एवढी मोठी माणसं असताना काळजीचं कारण आहे का?

उत्तर : आहे, आणि माणसं जास्त म्हणूनच जास्त आहे. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वासासाठी धडपडताना त्याला आवाज काढता येत नाही आणि हे सगळं मिनिटाभराच्या आत होऊ शकतं.

पुलाला चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आहे का, ते विचारा. नसेल तर एवढ्या लहान मुलांसह ते घर मी घेणार नाही. असेल तरी मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाची नाव घेऊन नेमणूक करा. त्याच्या हातात फोन नको, पुस्तक नको, गप्पा नकोत. १५-२० मिनिटांनी पाळी बदला, आणि बदलताना “आता तू” असं तोंडाने म्हणा. पोहायला न येणारी मुलं मोठ्यांच्या हाताच्या अंतरावरच हवीत. दंडाला लावायच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका, ते खेळणं आहे. पोहण्याची वेळ संपली की पाण्यातली खेळणी उचलून ठेवा, त्यांच्या ओढीनेच मुलं परत येतात. जवळचं दवाखान्याचं ठिकाण आणि तिथे पोचायला लागणारा वेळ पोचल्या दिवशीच सगळ्यांना सांगा.

प्रश्न : मी थोरली सून. गेल्या मेळाव्यात तीन दिवस मी स्वयंपाकघरातच होते. कुणी ‘कर’ म्हटलं नाही, पण कुणी उठलंही नाही. परत आल्यावर सगळ्यांनी ग्रुपवर फोटो टाकले, त्यांत मी दोनच फोटोंत आहे. आता पुन्हा ‘वहिनी, तुम्हीच ठरवा’ असा सूर आहे. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची ताकद नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनच फोटो, हे तुम्ही मोजलंत, यातच सगळं आलं.

वहिनी, नाही म्हणू नका, पण ‘ठरवा’ हा शब्द परत करा. प्रत्येक जेवण एकेका घराकडे द्यायचं : काय करायचं ते ठरवणं, सामान आणणं, शिजवणं, वाढणं आणि शेवटची भांडी घासून ओटा पुसणं, हे सगळं त्याच घराने, बायका-पुरुष-मोठी मुलं मिळून. भांडी दुसऱ्यांवर सोडली की ती फिरून तुमच्याकडेच येतात. पोचल्या दिवशीचं रात्रीचं जेवण आणि निघायच्या दिवशीची न्याहारी बाहेरून मागवा. प्रवासाने दमलेल्या घरात चूल पेटवायला लावू नये. आणि निघायच्या सकाळी तर घर रिकामं करायची वेळ ठरलेली असते, तेव्हा सामान आदल्या रात्रीच बांधलेलं बरं.

हा तक्ता तुम्ही करायचा नाही. तो दिराला करू दे. त्यालाच केअरटेकरला विचारू दे की शेगड्या किती, सगळ्यात मोठं पातेलं केवढं आणि फ्रीजमध्ये जागा किती. अशा घरांत भांडी बऱ्याचदा सहा-आठ जणांपुरतीच असतात. आमच्या दुसऱ्या मेळाव्यात एकच पदार्थ तीनदा शिजवावा लागला होता, पातेलं लहान म्हणून. एक गोष्ट मात्र पाळी असणाऱ्या प्रत्येकाला सांगा : शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, फार उकाडा असेल तर एकच तास. उरलेलं उथळ भांड्यांत काढून लगेच फ्रीजमध्ये. घरात म्हातारी आणि लहान माणसं असताना एका पातेल्याने सगळा मेळावा आजारी पडू शकतो.

पहिल्या पाळीत गोंधळ होईल. कुणी मीठ विसरेल, जेवायला तासभर उशीर होईल, एखादं भांडं करपेल. तुम्हाला उठावंसं वाटेल, हात शिवशिवतील. उठू नका. सासूबाईंच्या शेजारची खुर्ची आधीच धरून ठेवा आणि तिथेच बसा. त्यांच्याकडे तुमच्या नवऱ्याच्या लहानपणीच्या ज्या गोष्टी असतील, त्या कुणीतरी निवांत ऐकायला हव्यात.

परत आलात की मला पुन्हा पत्र लिहा. त्यांनी काय काय सांगितलं ते वाचायला मला आवडेल.