रॉक कधी ऐकलं नाही, लाइव्ह अल्बमपासून सुरुवात करू का? कोणता?

करा की भाऊ. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मेड इन जपान’ घ्या. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री कार्यक्रम झाले, त्यातून निवडलेली सात गाणी आहेत.

झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहिलं असेल तर यातली गंमत लगेच कळेल. वन्स मोअर पडला की आपला गायक पद कसं लांबवतो? तसंच. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं. इथं वीसेक मिनिटं चालतं, दोन तबकड्यांच्या एलपीची चौथी बाजू अख्खी त्यातच संपते. (मला ते जरा जास्तच ताणलेलं वाटते, पण असो.) खरी मजा ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये. रिची ब्लॅकमोरची गिटार एक तान फेकते, इयन गिलन तीच गळ्यातून परत करतो. अगदी खडी गंमत या आपल्या लोकनाट्यातला सवाल-जवाब! शिवाय जॉन लॉर्डचा ऑर्गन आहेच. तो ऐकून आपला पेटीवाला आठवते.

मी हा अल्बम धानाच्या बांधीवर जागलीला ऐकला. तुम्ही हेडफोन लावू नका, रानडुकरं येऊन गेलेली सकाळीच कळतात.