वाळूतला गुलाब आणि त्याची फळे

प्रश्न : जपानमधील होक्काइदोच्या किनाऱ्यावर वाळूतच वाढलेली गुलाबाची झुडपे आणि त्यांना लगडलेली, छोट्या टोमॅटोसारखी लाल फळे पाहिली. ती खाण्याजोगी असतात का?

उत्तर : होय. आपण पाहिलेली वनस्पती म्हणजे ‘हामानासु’, शास्त्रीय नाव रोझा रुगोसा. १९७८ पासून हे होक्काइदोचे अधिकृत फूल आहे. तेथील मूळ रहिवासी असलेले आयनू लोक या फळांना ‘मौ’ म्हणत आणि अन्न म्हणून ती खात. नावाचा उगम ‘हामानाशी’, म्हणजे किनाऱ्यावरचे नाशपाती, या शब्दात असल्याचे मानले जाते, त्यावरून जपानी माणसानेही या झुडपाकडे आधी फळझाड म्हणून पाहिले असावे, असे मला वाटते.

‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध असलेल्या या आंबटगोड फळांचा आजही जॅम आणि चहा करतात. मात्र आतील बियांभोवतीची बारीक लव घशाला व त्वचेला खाजकुइलीसारखी त्रास देते, म्हणून फळ चिरून ती लव बियांसह पूर्णपणे खरवडून काढावी आणि मगच गर शिजवावा. अकिता प्रांतात याच्या मुळांच्या सालीने रेशीमही रंगवत.

डेन्मार्क आणि जर्मनीच्या किनाऱ्यांवर मात्र हीच परकी वनस्पती स्थानिक झाडोऱ्याला हटवत पसरली आहे. म्हणून तिच्या बिया आणून इतरत्र लावू नयेत, ही कळकळीची विनंती.