डब्यातली तिकिटं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्याबद्दल लिहिलं आणि इतकी पत्रं आली की संपादकांनी फोन करून सांगितलं, या वेळचं सदर यातच संपवा. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मी डोंबिवलीची, नाटकवेडी, १९८६ पासूनची नाटक-सिनेमाची तिकिटं त्या डब्यात आहेत, आणि मला विचारलंत तर आमच्या घरातली खरी इस्टेट तीच आहे, बाकी सगळं बँकेचं. चला, प्रश्न घेते.

ताई, मी २०१५ पासून सिनेमाची तिकिटं वहीत चिकटवतोय. परवा वही उघडली तर अर्धी तिकिटं कोरी! नुसते पिवळट कागद. असं कसं झालं? – एक वाचक, सांगली

अहो, ती तिकिटं शाईने छापलेलीच नसतात. एटीएमची स्लिप असते ना, तोच कागद. त्याच्यावर रसायनाचा एक थर असतो, मशीनचा गरम भाग जिथे टेकतो तिथे तो काळा होतो आणि आपल्याला वाटतं अक्षरं छापली. ही अक्षरं उन्हाने जातात, प्लास्टिकच्या फोल्डरने जातात, आणि सगळ्यात लवकर जातात गोंदाने, म्हणजे तुम्ही प्रेमाने चिकटवलीत तिथेच घात झाला. कोरी झालेली तिकिटं तिरक्या उजेडात धरून मोबाईलवर फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, कधी कधी पुसट काहीतरी दिसतं. जी अजून वाचता येतायत त्यांची आजच झेरॉक्स काढा, उद्या नाही, आणि मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात अंधारात ठेवा.

आणि लॅमिनेशन करू नका हो, हात जोडून सांगते! माझी गोष्ट ऐका. २०१६ ला ‘सैराट’ आम्ही सहा जणी बघायला गेलो होतो, झिंगाट लागल्यावर लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होते आणि शेवटी ते छोटं पोर दारातून बाहेर पडतं तेव्हा सगळं थेटर असं गप्प की कोणाला उठायचं सुचेना, माझ्या बाजूची बाई पर्स मांडीवर घट्ट धरून तशीच बसलेली. ते तिकीट मला कायमचं हवं होतं म्हणून मी हुशारी करून स्टेशनजवळच्या एका दुकानात लॅमिनेट करायला दिलं. मशीन गरम, तिकीट त्याच जातीचं. दुसऱ्या बाजूने बाहेर आलं ते तव्यावर विसरलेल्या पोळीसारखं काळं कुळकुळीत. दुकानदार बिचारा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. वीस रुपये दिले आणि घरी आले. अजून आहे ते डब्यात, वर पांढऱ्या मार्करने मुलीने ‘सैराट’ लिहून दिलंय.

तुम्ही लिहिलंत की ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग बालगंधर्वला झाला. साफ चूक. मी स्वतः तेव्हा पुण्यात होतो. – एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

काका, चुकलंच. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. माझ्या डोक्यात पुणं म्हटलं की बालगंधर्वच येतं, त्याला काय करणार, आमचं जाणं तिथलंच. तुम्ही पुढे पत्रात जे लिहिलंयत ते मात्र इथे सांगायलाच हवं, की पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्याच्या नाट्यसंस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं आणि मग त्याच मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. त्या १९ पैकी एकाचं तिकीट तुमच्याकडे आहे असं तुम्ही सहज जाता जाता लिहिलंयत, तळटीप असावी तसं! काका, माझा सगळा डबा घ्या आणि ते एक द्या. (देणार नाही, माहीत आहे. मीही दिलं नसतं.)

बाबांच्या मागे त्यांच्या ऐंशीएक कॅसेट्स राहिल्यात, पुलंचं कथाकथन, वपु, नाट्यसंगीत. घरात प्लेअर नाही. मिसेस म्हणते भंगारात द्या. काय करू? – एक वाचक, ठाणे

वहिनींना सांगा, दोन महिने थांबा, मग ठरवू. मी समजू शकते त्यांचंही, धूळ तर त्यांनाच पुसावी लागते.

आता नीट ऐका. बाबांनी पुण्याच्या कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून घेतलेल्या असतील तर बाजारातल्या छापील कॅसेटमधलं बरंचसं आज कुठे ना कुठे ऐकायला मिळतं, त्यामुळे जीव टाकायचा तो घरी भरलेल्या कॅसेटवर, ज्यांच्यावर पेनाने काहीतरी खरडलेलं असतं त्या. त्या पहिल्या बाजूला काढा. खिडकीतून टेपकडे बघा, पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी, ती कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही, नाहीतर तिथून बाकीच्यांना लागते. दुसरं म्हणजे टेपच्या मागे तो छोटासा फेल्टचा तुकडा असतो, पट्टीवर चिकटवलेला, तो जुन्या कॅसेटमध्ये गळून पडतो आणि मग आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, लोकांना वाटतं टेप गेली. टेप ठीक असते, फक्त तो तुकडा बदलायचा. भंगारातल्या कॅसेटचा काढून लावता येतो. प्लेअर कोणाचा तरी उसना आणा, हेडवर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने फिरवा, आणि कॅसेट लगेच वाजवू नका, आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं एका जागी बसून टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. मग हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडून रेकॉर्ड करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, घाई चालत नाही, भाजी निवडत बसा.

एक गंमत सांगू? आमच्याकडच्या एका कथाकथनात अगदी रंगात आल्यावर ए बाजू संपायची, खट्ट करून बटण वर यायचं, आणि बाबा उठून कॅसेट उलटी करेपर्यंत आम्ही सगळे पुढचं वाक्य पाठ म्हणायचो. आता तेच मोबाईलवर सलग ऐकलं की त्या जागी मला चुकल्यासारखं होतं. तुम्ही रेकॉर्ड करताना तो खट्ट आवाज कापू नका.

कलाकारांच्या सह्या घेता का हो? फोटो? – एक वाचक, जळगाव

नाही. एकदा घेतली होती, प्रयोगानंतर विंगेमागे जाऊन. ते दमलेले, तोंडाला अर्धा मेकअप, समोर वाट बघणारी बस, आणि मी वही पुढे केलेली. त्यांनी हसून दिली, पण मलाच ओशाळल्यासारखं झालं. ती वही कुठे आहे तेही माहीत नाही. तिकीट मात्र त्या प्रयोगाचं आहे.

सध्या काय वाचताय? आणि नाटक वाचण्यात मजा काय, बघायचं असतं ना ते? – एक वाचक, अमरावती

अमरावतीवरून हा प्रश्न यावा! तुमच्याच भागातल्या वाड्यात बसलेय मी सध्या. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा वाचतेय, बहुतेक चौथ्यांदा. १९८५ चं नाटक, पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ मिळून तीन झाली. नाटक बघताना आपण नटाच्या वेगाने जातो, वाचताना थांबता येतं, एवढीच मजा. अंगणात तो ट्रॅक्टर नुसता पडून आहे, म्हातारी दादी सारखी किती वाजले म्हणून विचारतेय, आणि रात्री वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते तो प्रसंग, तिथे मी पुस्तक पालथं ठेवून चहा करायला उठले. सोनं अंगावर येतं आणि बाईचा जीव घुसमटतो. आणि पुढे ते सोनं घेऊन पोरगी पळते! वस्तू जपणाऱ्या माणसाने हे नाटक वर्षातून एकदा वाचावंच, मी डबा उघडण्याआधी वाचते म्हणा ना.

बाकी उशाशी गेल्या दिवाळीचे तीन अंक अजून अर्धे पडलेत. त्याचं वाईट वाटून घेत नाही, १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस पुढच्या दिवाळीपर्यंत मागचा अंक पुरवतोय.

आणि बघताय काय? तुमच्या वयाच्या लोकांना नवीन काही आवडतच नाही. – एक वाचक, वय २३, पुणे

बाळा, ‘देवबाभळी’ मी तीनदा पाहिलंय. दोनच बायका स्टेजवर, तुकोबांची आवली आणि रखुमाई, आवलीच्या पायात काटा आणि देवाची बायको तिच्या घरी राबायला आलेली, आणि दोन तास तुम्ही हलत नाही. प्राजक्त देशमुखांनी लिहिलं तेव्हा तेही तरुणच होते. २०२३ मध्ये ५०० व्या प्रयोगाला थांबवलं ते नाटक, चालत असताना थांबवलं, मला तेव्हा राग आला होता, आता पटतं.

सिनेमात म्हणशील तर ‘साबर बोंडं’. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र, फार हळू, फार कमी बोलून सांगितलेलं प्रेम. २०२५ मध्ये सनडान्सला मोठं बक्षीस मिळालं म्हणून सगळे बोलले, पण आमच्या शोला मोजून अकरा माणसं होती. माझ्या बहिणीला फार संथ वाटला. मला सुतकातल्या घरातलं ते कुजबुजणं, हे करू नको ते करू नको, इतकं ओळखीचं वाटलं की काय सांगू. आणि हो, रात्री जेवताना ‘हास्यजत्रा’ लागते, तिची तिकिटं नसतात एवढंच.

२०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. आईने साठवलेले मासिकांचे अंक तेव्हापासून एका गोणीत बांधून ठेवलेत, उघडायची हिंमत होत नाही. वाचतील का? – एक वाचक, चिपळूण

खोटं सांगत नाही. गुळगुळीत आर्ट पेपरचे अंक असतील तर ते वाळताना एकमेकांना चिकटून वीट झाली असेल, ती आता सुटायची नाही, ओढलीत तर चित्रं फाटतील. पण साध्या खरखरीत कागदाचे जुने अंक असतील तर आशा आहे. तोंडाला मास्क लावा, पावसाळ्यात नको, कोरड्या दिवसात सावलीत उघडा, बुरशी मऊ ब्रशने घराबाहेर झटका, एका बैठकीत एकच अंक. ओले असतानाच एकेक अंक पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले असते तर वेळ मिळाला असता, पण त्या दिवशी चिपळुणात कोणाला फ्रीज राहिला होता? विटा झालेल्यांपैकी एक ठेवा, मुखपृष्ठ दिसत असेल ती. बाकीच्यांचं तुम्हाला पटेल तसं करा, आई रागावणार नाही.

आता सगळं क्यूआर कोडवर. आम्ही डब्यात काय ठेवायचं? – एक वाचक, वय १९, नाशिक

याच प्रश्नासाठी मी जागा राखून ठेवली होती.

माझ्या डब्यात एका पिनेला दोन तिकिटं लावलेली आहेत. एक १९९१ चं, ‘चारचौघी’, आईबरोबर पाहिलेलं. दुसरं २०२२ चं, तेच ‘चारचौघी’ परत आलं तेव्हाचं, मुलीबरोबर. पहिल्या वेळी नाटकातल्या विद्याचा तो फोनवरचा लांबलचक प्रसंग वंदना गुप्ते करायच्या, दुसऱ्या वेळी मुक्ता बर्वे. आता जुनं तिकीट उलटं केलं की मागे आईचं बारीक पेन्सिलीतलं अक्षर आहे : ‘लोकल उशिरा. वडा तिखट. फोन!!’ बस. ती काही लिहिणारी बाई नव्हती, दुधाचा हिशोब लिहायची तसं तिने तिकिटामागे लिहिलं. पण डब्यात दोनशेच्या वर तिकिटं आहेत आणि मागे काही लिहिलेली जेमतेम चाळीस, आणि खरं सांगते, उरलेल्यांपैकी निम्मी कुठल्या नाटकाची, कोणाबरोबर, मलाच आठवत नाही. मुलगी म्हणते, आई, तुझ्या मागे हे मी कशाला ठेवू? बरोबर आहे तिचं. समोर आसन क्रमांक, वार, खेळाची वेळ, त्याचं ती काय करणार?

तेव्हा क्यूआर कोड गेला तर जाऊ दे. मी हल्ली प्रयोग संपला की पर्समधली कुठलीही चिठ्ठी घेते, औषधाच्या दुकानाची असो नाहीतर वाण्याची यादी, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहून डब्यात टाकते. पेन्सिलच घ्या, शाई दमट हवेत पसरते. परवाची चिठ्ठी अशी आहे : ‘एन १४. पुढे उंच काका. मुलीने खोकल्याची गोळी दिली, कागद वाजला, मागच्या बाईने शुक् केलं. दुसरा अंक फार चांगला. वडे संपले होते.’