गाडीला बाजारातून आणून बसवलेला कोन एअर फिल्टर सतत सैल होतोय. क्लॅम्प किती आवळायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल हॅचबॅकचा मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर बसवलाय. आठ-दहा दिवस झाले की तो मानेपाशी, म्हणजे इनटेकच्या पाइपावर चढणाऱ्या रबरी तोंडापाशी, डुलायला लागतो, मधूनच चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मेकॅनिक दर वेळी क्लॅम्प आवळून परत पाठवतो. आता अजून किती आवळायचा?

अजिबात आवळू नका. निदान आठवडाभर तरी आवळायला हात लावू नका, कारण त्या आठवड्यात एक गोष्ट बघायची आहे.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो. गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण हेच दुखणं माझ्या सेकंडहँड गाडीला चार महिने होतं. आधीच्या मालकाने हौसेने फिल्टर टाकलेला, मी गाडी घेतली ती त्याच्या आवाजावर भाळून. पहिल्यांदा सैल झाला तेव्हा मीही तेच केलं. शेजारच्या शेडमधल्या मामांचा सल्ला: "आवळ की घट्ट, काय हुतंय!" आवळला. तिसऱ्या वेळी क्लॅम्पच्या पट्टीवरच्या खाचाच गेल्या, स्क्रू नुसता गरागरा फिरायला लागला. नवा क्लॅम्प आणला, तोही सैल. मग एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोराने पाच मिनिटांत रबराच्या मानेतून आरपार सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून दिला आणि म्हणाला, "आता बघा हलतोय का." हलत नव्हता, खरं आहे. पण घरी येऊन पाइपात टॉर्च मारली तर स्क्रूचं टोक आत अर्धा सेंटिमीटर डोकावत होतं. तो स्क्रू ढिला होऊन पडला असता तर पुढे थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि त्याच्या पुढे इंजिन. त्याच संध्याकाळी काढला. तुमच्याकडे कुणी हा इलाज सुचवला तर हात जोडा आणि गाडी बाहेर काढा.

शेवटी जे केलं ते आम्ही कामावर रोज करतो. फिक्सचरचा (काम धरून ठेवणाऱ्या साच्याचा) बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर मार्करने एक आडवी रेघ मारतो. रेघ तुटली की समजायचं, बोल्ट फिरला. चार महिने गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो आणि हे सुचलं नाही याची अजून लाज वाटते.

तुम्ही दोन रेघा मारा. पांढरा पेंट मार्कर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पहिली रेघ क्लॅम्पच्या स्क्रूच्या डोक्यावरून त्याच्या घरावर. दुसरी फिल्टरच्या रबरी मानेवरून पाइपावर, सलग. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा आणि बघा कुठली रेघ तुटली. स्क्रूची तुटली तर क्लॅम्प खरोखर उलटा फिरतोय: हलका, पातळ पट्टीचा क्लॅम्प आहे, चांगला रुंद पट्टीचा घ्या, काम झालं. मानेची तुटली आणि स्क्रूची जागच्या जागी असेल, तर क्लॅम्प बिचारा निर्दोष आहे. कुणीतरी फिल्टरला ओढतंय किंवा मान घसरतेय.

माझी मानेची रेघ बॅटरीच्या दिशेने चांगली चार मिलिमीटर सरकली होती. स्क्रूची रेघ जशीच्या तशी.

मग भाच्याला गाडीत बसवलं. हँडब्रेक वर, गियर न्यूट्रल, बॉनेट उघडं, आणि मी बाजूला उभा. पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. त्याला म्हटलं, अॅक्सिलरेटर एकदम दाब आणि सोड. प्रत्येक झटक्याला अख्खं इंजिन बोटभर मागे-पुढे डुलत होतं. तसं डुलणारच, ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. इंजिनाबरोबर इनटेकचा पाइपही डुलत होता. आणि फिल्टरची शेपटी? ती एका लोखंडी पट्टीने बॉडीला बोल्टने जखडलेली. म्हणजे एक टोक हलतंय, दुसरं टोक जाम, आणि मधली सगळी ओढाताण त्या दोन इंची रबराच्या मानेवर. कावळा नाक्यापासून शिरोलीपर्यंत सकाळच्या गर्दीत क्लच किती वेळा सोडावा लागतो ते तुम्हीच मोजा. तेवढे हिसके एका फेरीत.

मूळचा पाइप आठवा. तो काळा, वळ्यावळ्यांचा, अकॉर्डियनसारखा रबरी पाइप. मला वाटायचं, खर्च वाचवायला असा केला असेल. तसं नाही. इंजिन हलतं आणि डबा बॉडीला असतो, म्हणून मधली हालचाल पचवायला त्या वळ्या ठेवलेल्या असतात. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये त्याच्या जागी चकचकीत सरळ अॅल्युमिनियमचा पाइप येतो. दिसायला नाद खुळा, पण तो वाकत नाही. मग कुणीतरी वाकायला हवं, तर फिल्टरची मान वाकते.

यावर इलाज दोनच. एक तर फिल्टर आणि पाइप दोन्ही इंजिनाच्याच बाजूला धरा, म्हणजे सगळं एकत्र डुलेल. मात्र चारही बाजूंनी बोट जाईल एवढी जागा मोकळी हवी, नाहीतर फिल्टर बॅटरीच्या ट्रेवर घासतो. नाहीतर मध्ये लवचीक तुकडा टाका. सिलिकॉनचा मधे फुगा असलेला होज मिळतो, तो पाइप कापून मध्ये बसवायचा आणि बॉडीच्या ब्रॅकेटला, म्हणजे त्या लोखंडी पट्टीला, रबरी बुश घालायचा. मी दुसरं केलं. ब्रॅकेट नुसतं काढून टाकू नका. फिल्टरचं सगळं वजन मानेवर लोंबकळलं की खड्ड्याखड्ड्याला मान खाली झुकते, मग तीच रड वेगळ्या दिशेने.

आता माप. इथे माझा धंदा कामाला आला, म्हणून जरा रेंगाळतो. या फिल्टरच्या माना साधारण ६३, ७० आणि ७६ मिलिमीटरच्या येतात, म्हणजे अडीच, पावणेतीन आणि तीन इंच. दुकानदार डोळ्याने बघून "बसतंय" म्हणतो. मी व्हर्नियर लावला: पाइपाचा बाहेरचा व्यास ६८.२, मानेचा आतला ७०. पावणेदोन मिलिमीटरची फट. ऐकायला काहीच नाही. पण क्लॅम्प आवळला की जादाचं रबर कुठे जाणार? ते एका जागी गोळा होतं आणि क्लॅम्पच्या स्क्रूखाली एक सुरकुती पडते. मी मान काढून उलटी करून पाहिली तर त्या सुरकुतीच्या रेषेत मातीची बारीक नळी तयार झालेली, मुंगीची वाट असते तशी. जेवढं जास्त आवळाल तेवढी सुरकुती खोल. आधीच्या मालकाने त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. बॉनेटच्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो आणि मान उलट जास्त छान घसरते. मी अॅल्युमिनियमची पातळ बाही टर्न करून पाइपावर चढवली. तुम्हाला लेथ नसेल तर त्या मापाचा सिलिकॉन रिड्यूसर (एक तोंड मोठं, दुसरं लहान असा जोड) घ्या. टेप, एम-सील, साधं सिलिकॉन सीलंट यांच्या वाटेला जाऊ नका. काही सीलंटची वाफ इंजिनात ओढली गेली की ऑक्सिजन सेन्सर खराब होतो, आणि मग खर्च भलतीकडेच जातो.

आणि पाइपाच्या टोकाला हात फिरवा. कडेला उभारलेली गोल वळी लागते का? होज चढवायला केलेल्या पाइपाला ती असते, म्हणजे क्लॅम्प तिच्या मागे अडकतो. करवतीने कापलेल्या गुळगुळीत पाइपाला ती नसते आणि मान सरळ निसटते. बीड रोलिंगवाला, म्हणजे अशी वळी पाडून देणारा, मिळाला तर उत्तम. नाहीतर आर्गन वेल्डिंगवाल्याकडून टोकाजवळ तीन-चार छोटे ठिपके टाकून घ्या आणि कानशीने गोल करा. पाइप गाडीवरून काढूनच हे करायचं आणि आतून धुऊन, पुसून मगच परत लावायचा.

बसवताना मान आणि पाइप दोन्ही साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. पेट्रोलने पुसू नका, रबर फुगतं. सहज सरकावा म्हणून तेल-ग्रीस तर लावूच नका. तेलाचा कापडी फिल्टर असेल तर धुतल्यावर तेल अगदी बेतानं द्या. जास्त झालं की ते ओघळून मानेत येतं, जोड बुळबुळीत होतो, आणि पुढे एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर त्याच्या तारेवर बसतं. मान पाइपावर तीनेक सेंटिमीटर तरी चढली पाहिजे. क्लॅम्प हाताने बसेल तेवढा, मग त्यावर पाऊण फेरा. दुसऱ्या दिवशी, गाडी एकदा गरम होऊन थंड झाल्यावर, एकदाच पुन्हा बघायचा. संपलं.

चेक इंजिनच्या दिव्याचं मात्र वेगळं आहे. तुम्ही तो फिल्टरच्या नावावर घातलाय, मला शंका आहे. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या पुढे, पाइपावर असतो. फिल्टरच्या मानेतून शिरलेली हवा सेन्सरसमोरूनच जाते, म्हणजे मोजलीच जाते. ती धूळ आणते, पण पेट्रोलचा हिशेब बिघडवत नाही. हिशेब बिघडतो सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्या मधल्या जोडातून हवा शिरली तर. तसं असेल तर स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) बहुधा पी०१७१ दिसेल, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. त्या वेळी फिल्टर सोडा आणि तो पुढचा क्लॅम्प बघा. ज्या गाड्यांत हा सेन्सर नसून मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलच्या पलीकडे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे थ्रॉटलच्या अलीकडच्या गळतीने मिश्रण बिघडत नाही. लहान पेट्रोल गाड्यांत अशा बऱ्याच आहेत. तिथे पी०११३ आला तर हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग निघालाय का बघा. जुना डबा काढताना तो अनेकदा तसाच लोंबकळत राहतो. इंजिनाच्या श्वासाची नळी, ब्रीदर, तीही कुठे जोडलीय ते शोधा. माझी एका चिंधीने बंद केलेली सापडली. तसं केलं की आतला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो.

सगळ्यात आधी करायचं काम मी शेवटी सांगतोय, पण आज संध्याकाळीच करा. फिल्टर काढा, बोटाला पांढरं सुती फडकं गुंडाळा आणि पाइपाच्या आतून फिरवा. तेलकट काळपट आलं तर ठीक. तांबूस-राखाडी आलं तर चिमटीत धरून चोळा. कचकच लागली तर धूळ आत गेलीय. माझी कचकच लागली. मी रोज शिरोली एमआयडीसीत माल पोचवायला जातो, रस्त्यावर फौंड्रीच्या वाळूचे ट्रक, आणि ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागे उडणारा फुफाटा वेगळाच. वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो, तो पिस्टन रिंगला काय सोडणार. थ्रॉटलच्या पलीकडेही कचकच असेल तर ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा आणि एकदा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. माझं सुदैवाने बरं निघालं.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक. कोन फिल्टर बॉनेटमधली गरम हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि आत ६० असेल तर हवा साधारण नऊ टक्के विरळ होते, म्हणजे सिग्नलला उभं असताना उलट तोटाच. आवाज भारी येतो, त्याबद्दल वाद नाही. आणि फिल्टर बंपरपाशी खाली बसवला असेल तर पावसाळ्यात जपा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. मी जूनमध्ये मूळचा डबा लावतो आणि दसऱ्यानंतर कोन. बायको याला वर्षातून दोनदा येणारा सण म्हणते.

तर मार्करच्या रेघा मारा, आणि तोवर पाइपाचा बाहेरचा व्यास नि मानेचा आतला व्यास मोजून इथे लिहा. व्हर्नियर नसेल तर दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि ३.१४ ने भागा. स्कॅनरचा कोडही टाका. आठवड्याने कुठली रेघ तुटली ते कळलं की पुढचं सांगतो.