घाटात गरम होणारी सेकंडहँड गाडी घ्यावी का? थर्मोस्टॅट काढून भागेल का?

तुमचा प्रश्न असा: आठ वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक मिळतेय, आंबा घाटात एसी लावला की गरम होते असं मालक स्वतःच सांगतोय, आणि तुमचा मेकॅनिक म्हणतोय, "थर्मोस्टॅट काढून टाकू, विषय संपला." गाडी घ्यावी का आणि किती कमी करून मागावी?

थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) काढू देऊ नका. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो, आणि सोबत कारणही ठरलेलं असतं: "तो व्हॉल्व्ह बर्फाच्या देशांसाठी असतो, आपल्याकडे एवढी थंडी कुठे?" हे साफ चूक आहे. बाहेर ४० अंश असले तरी इंजिनाला ९०च्या आसपास राहायचं असतं. थर्मोस्टॅट बहुतेक पेट्रोल गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तोवर पाणी बायपासमधून इंजिनातल्या इंजिनात फिरतं, उघडला की रेडिएटरकडे जातं. आणि इथंच लोक चुकतात. बऱ्याच इंजिनांत याच व्हॉल्व्हची मागची चकती गरम झाल्यावर बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात येतं. दुसऱ्या गिअरवर घाट चढताना, म्हणजे नेमकं थंड पाणी हवं तेव्हा, ते कमी पडतं. अशी गाडी घाटात पूर्वीपेक्षा जास्त तापू शकते.

सपाटीला उलटा प्रकार. हायवेला इंजिन बऱ्याचदा ६०-७०च्या वर जातच नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, अ‍ॅव्हरेज पडतं, पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात. हे सगळं हळूहळू होतं, म्हणून त्याचा दोष कुणी थर्मोस्टॅटला देत नाही.

आमच्या दाजींच्या गाडीचं उदाहरण देतो, कारण ते तुमच्या गाडीला तंतोतंत लागू पडतं. हजार सीसी, तीन सिलेंडर, कऱ्हाडात एका एजंटाकडून घेतलेली. गावात ठीक, घाटात चार माणसं आणि एसी असला की टेंपरेचरचा लाल दिवा. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढला. फरक पडेना म्हणून फॅन डायरेक्ट केला, म्हणजे चावी फिरवली की फॅन चालू. मग रेडिएटर साफ केला. एवढं होऊनही घाटात तेच. दरवेळी थांबायचं, पाणी ओतायचं, पुढे निघायचं. दाजींचं म्हणणं तेव्हाही हेच होतं की थर्मोस्टॅट काढला ते बरं झालं, नाहीतर अजून तापली असती.

मूळ दोष वॉटर बॉडीत, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपात होता. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकलेलं. पत्र्याचा इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) गंजून त्याची पाती निम्मी उरली होती. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि सपाटीला तेवढं पुरत होतं, चढाला इंजिनावर लोड आला की पुरत नव्हतं. बोअरच्या क्षारांचा थर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या पोकळ्यांत, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसलेला, तो वेगळाच. शिवाय रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. हे झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरतं आणि त्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. झाकण दाब धरत नसेल तर साधं पाणी १००लाच उकळणार, मग थर्मोस्टॅट असो वा नसो.

दिवा लागला, पाणी ओतलं, निघाले, असं होत होत शेवटी हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मध्ये उडालं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाणी फारच कमी झालं की टेंपरेचर सेन्सर पाण्यात न राहता हवेत उघडा पडतो आणि कमी तापमान दाखवतो. म्हणजे सगळ्यात वाईट वेळी लाल दिवा विझलेला असू शकतो. दिवा नाही म्हणून गाडी दामटली की हेड गेलंच.

त्या गॅरेजने नुसतं गॅस्केट बदललं. हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) पाठवलंच नाही, आणि गॅस्केट पुन्हा उडालं. उडणारच होतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तापून वाकतं. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं, छोट्या पेट्रोल इंजिनांत ०.०५ मिमीच्या पुढे वाक चालत नाही. या हेडला ०.१ मिमीच्या वर होता. मग फेसिंग, व्हॉल्व्ह सील, नवीन गॅस्केट, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळणं, नवीन वॉटर बॉडी, नवीन झाकण, रेडिएटर बदली, आणि कंपनीने ठरवलेल्या अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट परत जागेवर. फॅनचं डायरेक्ट कनेक्शन काढून रिले (फॅन आपोआप चालू-बंद करणारा स्विच) नीट जोडला. त्यानंतर तीच गाडी त्याच घाटात एसी लावून ९५-९६च्या वर जात नाही. थर्मोस्टॅट आत असताना. हे ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या पोर्टवर) दिसतंय, कुणाच्या मताचा प्रश्नच नाही. दाजी अजूनही म्हणतात की फरक नवीन रेडिएटरने पडला. रेडिएटरने पडला, वॉटर बॉडीने पडला, आणि बायपास वेळेवर बंद होतोय म्हणूनही पडला.

आता तुमच्या गाडीकडे. बघायला जाताना मालकाला सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर परत या. गार इंजिनावरच झाकण उघडा (गरम असताना कधीही नाही, चेहरा भाजतो). आत हिरवं, लाल अशा रंगाचं स्वच्छ कूलंट हवं. तांबूस गढूळ पाणी म्हणजे गंज. पिवळा गाळ दिसला तर लीक बुजवायला हळद किंवा पावडर टाकलेली असू शकते, तिने रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. ऑइलच्या झाकणाखाली नुसता थोडा फेस म्हणजे दमटपणाही असेल, पण डिपस्टिकवर दुधाळ ऑइल म्हणजे ऑइल-पाणी एक झालंय, तिथून निघा.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिन, ऑइल, टेंपरेचर हे दिवे पेटले पाहिजेत. एखादा पेटतच नसेल तर तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. चावी ऑन करताच एसी बंद असूनही फॅन फिरला तर तो डायरेक्ट केलाय. मग झाकण उघडं ठेवून सुरू करा. एक-दोन मिनिटांत सलग बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर पाणी तापायच्या आधीच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलेंडरचा गॅस पाण्यात जातोय. शंका असेल तर ब्लॉक टेस्टर (कूलंटमध्ये सिलेंडरचा गॅस येतोय का ते दाखवणारं साधन) लावून घ्या, निळं द्रव पिवळं झालं की गॅस्केट गेलंय.

स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्टला साधं ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान बघत चालवा. पंधरा मिनिटांत ८५-९५ला यावं आणि तिथंच राहावं. मोकळ्या रस्त्यावर ६०-७०ला उतरलं तर थर्मोस्टॅट आधीच काढलेला आहे किंवा उघडा अडकलाय, म्हणजे तुमचा मेकॅनिक जे काढणार म्हणतोय ते तिथं नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे. नंतर चढावर, एसी लावून, माणसं बसवून. पुण्याच्या बाजूला असाल तर दिवे घाट किंवा खंबाटकी पुरे. १०५च्या पुढे सरकत राहिलं तर थांबा.

किंमतीचं: बुडबुडे नसतील, ऑइल स्वच्छ असेल, तर वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट, झाकण, होज, रेडिएटर आणि कूलंट एवढा खर्च धरून तेवढे कमी मागा. साधा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो, त्यासाठी कुणी जुगाड सुचवत असेल तर मेकॅनिक बदला. बुडबुडे असतील तर हेडचं काम पाच आकडी होतं आणि खोलल्याशिवाय खरा आकडा कुणीच सांगू शकत नाही. मी अशी गाडी घेणार नाही.

काम करून घेतलंत तर हवा काढणं विसरू देऊ नका. गाडीचं तोंड जरा उंचावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आयडलवर, वरचा होज दाबत दाबत कूलंट भरत जायचं. फॅन दोनदा चालू-बंद झाला की झाकण लावायचं, गार झाल्यावर पातळी पुन्हा बघायची. आत हवा राहिली तर नव्या पार्टसकटही घाटात तापेल आणि दोष पुन्हा थर्मोस्टॅटवर येईल. तयार मिक्स कूलंट नसेल तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नळाचं किंवा बोअरचं पाणी फक्त अडचणीत, घरी पोचेपर्यंत.

कागदांचं थोडक्यात: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्स्फरला २९ आणि ३०, आणि पैसे देण्याआधी नंबर टाकून प्रलंबित ई-चलन बघा. नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुना सर्व्हिस रेकॉर्ड मागा. त्यात कूलंट कधी बदललं हे दिसतं, नाहीतर कधीच बदललं नाही हे दिसतं.

हे सगळं पेट्रोल गाडीचं आहे. सीएनजी किट असेल तर रिड्यूसरलाही (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागालाही) याच कूलंटचा पाइप जातो, तिथली क्लिप आणि पाइप गळतात का ते आधी बघा. पाणी तिथून हळूहळू कमी होतं आणि लोक हेड खोलत बसतात.