मारियुपोलच्या फ्लॅटची भरपाई मिळेल का?

प्रश्न: बायको युक्रेनची, आम्ही म्हापशाला राहतो. मारियुपोलला तिच्या नावावर फ्लॅट आहे पण 2022 पासून तिथे रशियाचा ताबा, जाताच येत नाही. काही मिळेल का?

उत्तर: दादा, घर पडलेलं नसलं तरी क्लेम करता येतो. ताब्यातल्या भागातल्या घरापर्यंत पोचता न येणं ही हेगच्या नुकसान नोंदवहीत (युक्रेन युद्धातलं नुकसान नोंदवणारी आंतरराष्ट्रीय यादी) वेगळी कॅटेगरीच आहे, नुकसान मात्र 24 फेब्रुवारी 2022 किंवा नंतरचं हवं. अर्ज वहिनींनी युक्रेन सरकारच्या दिया या ऑनलाइन पोर्टलवरून भरायचा, फी नाही, त्यामुळे कुणा एजंटला एक रुपयासुद्धा देऊ नका. खरेदीखत, जुनी लाइटबिलं, बाल्कनीतले फोटो, सासूबाईंच्या मोबाइलात असतील तेही, सगळं जमवून ठेवा. नोंदवही स्वतः पैसे देत नाही, फक्त नोंद घेते, म्हणून त्या भरवशावर इथे लोन काढू नका प्लीज.